वजन, रक्तदाब आणि आणखी दहा प्रश्न

गरोदर बाईची तपासणी कशी करायची हे आम्हा आरोग्यसेविकांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. वजन घ्यायचं, रक्तदाब बघायचा, पापणी खाली ओढून फिकटपणा बघायचा, हिमोग्लोबिन, लघवीतली साखर आणि प्रथिनं, धनुर्वाताचं इंजेक्शन, लोहाच्या गोळ्या. मग पोटावर हात ठेवून बाळाची ठेवण, आणि शेवटी ठोके. ओवे परिसरात मी हे वर्षानुवर्षं करत आले. या सगळ्यात बाईला ‘तू कशी आहेस’ असं विचारलं जातं, नाही असं नाही. पण मागे रांग असते, हातात पुढचं कार्ड असतं, आणि ती ‘बरी आहे’ म्हणाली की आपण मान डोलावून मोकळ्या होतो.

ओवे हे गाव ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १९७०ची. नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्यांत इथल्याही गेल्या. १ ऑक्टोबर २०१६ला पनवेल महानगरपालिका झाली, नोव्हेंबर २०२३मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली. एका अंगाला खारघरचे टॉवर आणि गोल्फचं मैदान, दुसऱ्या अंगाला तळोज्याची औद्योगिक वसाहत, मध्ये आगऱ्यांची जुनी घरं, मुस्लिम कुटुंबं, भाड्याच्या खोल्या, बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या वसाहती, आणि वर टेकडीवर आदिवासी पाडे. एका सकाळच्या तपासणीला या सगळ्या घरांतल्या बाया एकाच बाकावर बसलेल्या असतात. पोटातल्या बाळाचे महिने सारखे असतात, बाकी काहीच सारखं नसतं.

मनाच्या तपासणीची एडिंबरो प्रश्नावली मला एका प्रशिक्षणात मिळाली. स्कॉटलंडमध्ये १९८७ साली तयार झालेली, दहा प्रश्नांची. गेल्या सात दिवसांत हसू येतं का, पुढच्या गोष्टींची ओढ वाटते का, उगाच स्वतःला दोष देते का, कारण नसताना भीती वाटते का, रडू येतं का, अशा तऱ्हेचे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. तेरा किंवा त्याहून अधिक गुण आले तर नैराश्याची शक्यता बरीच मानतात. काही ठिकाणी दहालाच सावध होतात. या गुणांवरून निदान होत नाही, पुढे नीट विचारपूस करायला हवी एवढंच कळतं. मला या प्रश्नावलीतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटली ती ही, की थकवा आणि अंगदुखी तिने मोजलेलीच नाही. सातव्या महिन्यात कोण थकत नाही? झोपेचा प्रश्न आहे, पण तो दुःखामुळे झोप उडते का, असा आहे. बाळ लाथा मारतं म्हणून जागी राहणारी बाई वेगळी आणि पहाटे तीनला डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडलेली बाई वेगळी.

थकव्याबद्दल मात्र एक सांगायलाच हवं. रक्त कमी असेल किंवा थायरॉइडचा दोष असेल, तरी बाई उदास, सुस्त, चिडचिडी दिसते. म्हणून मनाचे प्रश्न विचारायचे म्हणजे रक्ताची तपासणी सोडायची असं नव्हे. दोन्ही करायचं.

कागद हाती आला खरा, पण खरी अडचण कागदाच्या बाहेर होती. ओव्यातली सून तपासणीला एकटी येत नाही. सासू येते, नणंद येते, कधी जाऊ. आणि मी सुनेला विचारलं की उत्तर सासूकडून येतं. ‘काय नाय बाय, सगला बरा हाय.’ सासू खोटं बोलत नसते. तिला खरंच तसं वाटत असतं. पण सुनेची मान खाली असते. मग आम्ही एक रीत बसवली. गावातल्या आशा कार्यकर्त्या, आमच्या आशाताई, सासूबाईंना बाहेर बाकावर घेऊन बसायच्या, त्यांचाच रक्तदाब बघायच्या, गुडघ्यांची चौकशी करायच्या. तेवढ्या वेळात आत पडद्याआड, पोट तपासायच्या खाटेवर, मी सुनेशी बोलायची. कागद समोर धरायचा नाही. आधी झोपेचं विचारायचं, मग जेवणाचं, मग माहेरचं. माहेरचं नाव काढलं की बऱ्याच जणींचे डोळे भरायचे, आणि तिथून खरं बोलणं सुरू व्हायचं.

या रीतीतून एक गोष्ट आम्हाला न मागता मिळाली. बाहेर बसलेल्या सासवा बोलायला लागल्या. एक आजी आठवतात. साठीच्या पुढच्या. सून आत होती, आणि आशाताईंनी सहज विचारलं, तुमच्या वेळी कसं होतं? त्या म्हणाल्या की थोरला पोटात होता तेव्हा जमिनीचं आंदोलन पेटलं होतं. जानेवारी १९८४, उरण भागातलं जासई. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या हाकेला गावंच्या गावं गेली होती, पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं मेली. घरातली पुरुषमाणसं तिकडे, आणि ही पोटुशी बाई घरात, कोण परत येतं कोण नाही याची वाट बघत. भाताचं शेत जाणार हे कळून चुकलेलं. ‘मना रातची झोप नसं,’ त्या म्हणाल्या. ‘कुनी इचारला नाय.’ गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना पुढे त्याच लढ्यातून आली, तिच्याबद्दल खूप लिहिलं गेलंय. त्या महिन्यांत ज्या बाया गरोदर होत्या त्यांच्या रात्रींबद्दल मी कुठे वाचलेलं नाही. त्या दिवशी आजींनी स्वतःहून सुनेला आत एकटीला सोडलं. पुढच्या वेळीही.

मजुरांच्या वसाहतीतलं दुःख निराळं. तिथे सासूच नसते, आणि तिची उणीव भासते. मराठवाड्यातून नवऱ्याबरोबर आलेली एक मुलगी, वय विचारलं तर वीस सांगायची. पहिली मुलगी दोन वर्षांची, ती वाळूच्या ढिगाऱ्यावर खेळायची. दुसऱ्यांदा दिवस गेलेले. बाळंतपणाला माहेरी जाणार का विचारलं तर म्हणाली, ‘कुठं जाऊ ताई, आईच उसाला गेलीय.’ झोप? ‘लागना.’ जेवण? ‘जाईना.’ तिच्या सगळ्या बोलण्यात एकच भीती होती, परत मुलगी झाली तर. तिचा नवरा वाईट नव्हता, मारत नव्हता, पगार हातात आणून द्यायचा. पण गावाकडून रोज फोन यायचा, आणि त्या फोनवर मुलाचा विषय निघाल्याशिवाय राहत नसे.

गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच विषय अभ्यासला होता. २००२मध्ये तो प्रसिद्ध झाला. जिल्हा रुग्णालयातल्या, शेवटच्या तिमाहीतल्या २७० स्त्रिया त्यांनी घेतल्या आणि बाळंतपणानंतर त्यांना पुन्हा भेटले. सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के स्त्रिया नैराश्यात होत्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणं, ही कारणं ठळक निघाली. मला मात्र त्यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. नैराश्यात सापडलेल्यांपैकी ७८ टक्के बायांना गरोदरपणातच मनाचा मोठा त्रास होता. म्हणजे बाळंतपणानंतर जे दिसलं ते अचानक आलेलं नव्हतं. ती बाई तपासणीला येत होती, काट्यावर उभी राहत होती, दंड पुढे करत होती, तेव्हाही ते होतंच. तेव्हा विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

आता ज्या बाईमुळे मी हे लिहायला बसले तिच्याबद्दल.

खारघर-तळोजा भागात आफ्रिकेतल्या देशांमधून आलेली माणसं राहतात. शिकायला, व्यापाराला, कुणी लग्न करून. त्यांतली एक नायजेरियन बाई एका सकाळी आमच्याकडे आली. सातवा महिना. बाकावर तिच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी झाली. कुणी उठून गेलं असं नाही, पण सगळ्याजणी जरा सरकल्या. एका पोराने मोबाइल वर केला, त्याच्या आईने तो खाली केला. ही बाई समोर भिंतीवरच्या पोलिओच्या चित्राकडे बघत बसून राहिली. हे तिला रोजचंच असावं असं तिच्या बसण्यावरून वाटत होतं.

माझं इंग्रजी कामापुरतं. तिचं इंग्रजी सफाईदार, पण मला समजावं म्हणून ती सावकाश बोलत होती. तिचा रक्तदाब वाढलेला होता. डोकं दुखतं, ती म्हणाली. आणि मग तिने सांगितलं की हेच ती आधी दुसरीकडे दोनदा सांगून आली होती. एकदा तिला पाणी पी म्हणाले, एकदा तुमच्या लोकांना सवय असते म्हणाले. कसली सवय ते तिला कळलं नाही, आणि मलाही कळलं नाही. सातव्या महिन्यात वाढलेला रक्तदाब आणि डोकेदुखी म्हणजे तातडीने बघायची गोष्ट, हे आमच्यातल्या नवशिक्या मुलीलाही माहीत असतं. लघवी तपासली, डॉक्टरांना दाखवलं, पुढे पाठवलं. तिथवर मी तिच्याबरोबर गेले, कारण ती एकटी गेली असती तर पुन्हा तिला पाणी पी म्हणाले असते.

नंतर ती यायला लागली तेव्हा मी तिला ते दहा प्रश्न दिले, मूळ इंग्रजीतले. तिने स्वतःच खुणा केल्या. गुण तेराच्या बरेच वर गेले. घरमालकाने पोट दिसायला लागल्यावर खोली सोडायला सांगितली होती, पोर रडेल, शेजारी तक्रार करतील म्हणून. दुसरी खोली मिळत नव्हती. फोनवर खोली रिकामी असायची आणि दारात गेलं की भरलेली असायची. रिक्षावाले थांबत नव्हते. तिचा नवरा दिवसभर कामावर, घरी आला की पोलीस चौकशीच्या काळजीत. ती म्हणाली की इथे मला कुणी मारलेलं नाही, पण रोज घराबाहेर पडताना मी अंग आवळून घेते, आणि आता तसं करताना बाळही आवळलं जात असेल असं वाटतं.

या वाक्यानंतर मी खूप वाचलं. वंशभेदाचा गरोदर बाईवर काय परिणाम होतो, या विषयावर अमेरिकेत पुष्कळ काम झालंय, कारण तिथले आकडेच भयंकर आहेत. २०२१ साली तिथे दर एक लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय स्त्रियांचे ६९.९ मातामृत्यू झाले, गोऱ्या स्त्रियांचे २६.६. हे गरिबीमुळे असेल असं आपल्याला पटकन वाटतं. पण पदवीपर्यंत शिकलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीचा धोका शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या स्त्रीपेक्षा जास्त निघतो. आर्लिन जेरोनिमस नावाच्या संशोधक बाईंनी १९९२मध्येच मांडलं होतं की वर्षानुवर्षांच्या अवहेलनेने शरीर वयाच्या आधी झिजतं, आणि गरोदरपणात ती झीज उघडी पडते. शॅलन अर्व्हिंग ही तिथल्या रोगनियंत्रण केंद्रातली साथरोगतज्ज्ञ. विषमतेचा आरोग्यावर काय परिणाम होतो, हाच तिच्या अभ्यासाचा विषय होता. जानेवारी २०१७मध्ये, मुलगी झाल्यावर तीन आठवड्यांनी, वाढलेल्या रक्तदाबाच्या गुंतागुंतीने ती गेली. त्या तीन आठवड्यांत ती पुन्हा पुन्हा दवाखान्यात जाऊन काहीतरी बिघडलंय असं सांगत होती. एवढी शिकलेली, त्याच क्षेत्रातली बाई सांगत होती.

म्हणून तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटना म्हणतात की नुसती प्रश्नावली पुरेशी नाही. बाईला खोली नाकारली जाते का, दवाखान्यात तुच्छतेने वागवतात का, हेही विचारा. आणि ती जे सांगेल ते खरं धरा. मला हे शंभर टक्के पटलं. ओव्याच्या बाकावर बसलेल्या जवळजवळ प्रत्येकीला ते लागू आहे. कातकरी बाई कळा येतात म्हणाली की ‘तुम्हाला काय, तुमची बाळंतपणं रानात होतात’ असं ऐकवणारी माणसं मी पाहिलीत. वीटभट्टीवरून आलेली बाई दुखतं म्हणाली की ती कामचुकार ठरते. घरातली थोरली सून रडली की ती नाटकी.

आणि रंगाबद्दल आपण परक्यांकडे बोट दाखवायला नको. आमच्याकडे येणाऱ्या मुली केशराच्या डब्या घेऊन येतात, हे घेतलं तर बाळ गोरं होईल ना सिस्टर, असं विचारतात. कुणाला चहा बंद केलेला असतो, कुणाला लोहाच्या गोळ्या, कारण त्या काळ्या असतात आणि बाळ काळं होईल. लोहाची गोळी रंगासाठी बंद करणं म्हणजे आई आणि बाळ दोघांच्या जिवाशी खेळ आहे. सावळ्या सुनेला नऊ महिने ऐकावं लागतं की बापावर गेलं तर बरं. हाही ताण आहे, आणि तोही मी आता विचारते. आपल्या रायगड जिल्ह्यात मुरूड-जंजिऱ्यावर १९४८पर्यंत सिद्दी नवाबांचं राज्य होतं, पूर्व आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचे वंशज. आफ्रिकेशी आपलं नातं शेकडो वर्षांचं आहे. त्या बाकावर सरकून बसण्याचं काही कारण नव्हतं.

त्या बाईला खोली मिळाली, आमच्याच एका आशाताईच्या ओळखीने. समुपदेशनाला ती तीन-चार वेळा गेली. मुलगा झाला, वेळेच्या थोडा आधी, पण ठणठणीत. खोली मिळाल्यावर पुढच्या भेटीत तिचे गुण खाली आले होते. औषध सुरू झालेलं नव्हतं, डोक्यावर छप्पर आलं होतं. मनाच्या त्रासाचं मूळ बाईच्या मनातच असतं असं समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मात्र सगळं छपराने बरं होत नाही, हेही तितकंच खरं. प्रश्नावलीतला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. तो विचारायला नवीन मुली घाबरतात. विचारल्याने तिच्या डोक्यात येईल, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही, उलट बाई सुटकेचा श्वास सोडते. गावातल्याच एका मुलीने, जिच्या घरी गाडी, दोन मजले, सगळं होतं, या प्रश्नाला हो म्हटलं आणि मग बराच वेळ माझा हात सोडला नाही. अशा वेळी गुणांची बेरीज करत बसायचं नसतं. तिला एकटीला सोडायचं नाही, तिच्या विश्वासातलं घरातलं माणूस बोलवायचं, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोचवायचं. तिला गोळ्या सुरू झाल्या. गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेता येतील अशी औषधं आहेत. ती मनाने बंद करायची नाहीत. घरच्यांना हे पटवायला मला तिच्या घरी अनेकदा जावं लागलं, आणि तिच्या नवऱ्याने शेवटी जी साथ दिली तिला तोड नाही.

बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत काही बाया अचानक असंबद्ध बोलू लागतात, झोपतच नाहीत, बाळाविषयी भलतेच संशय घेतात. हजार बाळंतिणींत एखाद-दोघींना हे होतं. त्याला बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करण्यात वेळ घालवू नका. तो आजार आहे, तातडीचा आहे, आणि उपचारांनी बरा होतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २००९पासून आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातही तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळं करू नये असं म्हटलं आहे.

एवढी तज्ज्ञ माणसं आणायची कुठून, असा प्रश्न मला नेहमी केला जातो. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत मानसोपचारतज्ज्ञ अतीफ रहमान यांनी याचं उत्तर दिलं आहे. तिथल्या लेडी हेल्थ वर्कर, म्हणजे आपल्या आशाताईंसारख्याच बाया, त्यांना बोलण्याची एक सोपी पद्धत शिकवली. २००८मध्ये निकाल छापून आले. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा अशा भेटी मिळालेल्या आयांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या, त्या पद्धतीच्या भेटी न मिळालेल्यांपैकी ५३ टक्के. गोव्यात तशीच पद्धत शेजारपाजारच्या बायांना शिकवून वापरली, तिथेही फायदा दिसला, इतका ठळक नव्हे. म्हणजे काम गावातल्या बाईच्या हातून होऊ शकतं. फक्त तिच्या डोक्यावरची बाकीची कामं थोडी कमी करायला हवीत आणि या कामाचा मोबदला तिला मिळायला हवा. फुकटात आणखी एक जबाबदारी आशाताईंच्या गळ्यात अडकवायला माझा ठाम विरोध आहे.

आमच्या रजिस्टरमध्ये रक्तदाबाच्या शेजारी मी पेन्सिलीने एक रकाना आखला आहे. तो छापील व्हावा, एवढी माझी मागणी आहे. गरोदरपणात एकदा विचारावं आणि बाळ दीड महिन्याचं झालं की पुन्हा. त्यासाठी वेगळी मोहीम नको. दीड महिन्याच्या लसीला आई बाळाला घेऊन येतेच. सगळ्यांचं लक्ष बाळाच्या मांडीवर असतं. तेव्हा आईला बाजूला घेऊन पाच मिनिटं बसावं. ज्यांच्या घरात गरोदर बाई किंवा बाळंतीण आहे त्यांनी आमची वाट बघू नये. तिला घरातच विचारा, एकटी असताना, आणि ती जे सांगेल ते खरं धरा. पुढे काय करायचं कळलं नाही तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.